नववा दगड

“बांगड्या काढ हातातल्या,” झुंबरबाई म्हणाली.

नंदिनी दोन पावलं मागं सरली. कोणती सासू सुनेला बांगड्या काढायला सांगते? तेही पंचगंगेच्या या डोहावर, भर दुपारी, जेव्हा कुणी गुरंसुद्धा इथं पाण्यावर आणत नाही?

समोर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, डोहात राहणाऱ्या जलदेवता. मागं एकदा सिनेमाच्या तंबूत नंदिनीनं पऱ्या पाहिल्या होत्या. त्यांना पंख होते, त्या गात होत्या, राजपुत्राच्या मागं लागत होत्या. आसरा तसल्या नव्हेत. यांना हिरवा चुडा लागतो, दहीभात लागतो आणि मनात आलं की एखादी देखणी बाई लागते. तिला त्या पाण्यात ओढतात आणि आपल्यातलीच करून घेतात. म्हणून तर बाजूला आठवा, जरा धाकटा दगड होता. ती कालिंदी, बापूसोची पहिली बायको. तो दगड झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं मांडला होता.

बापूसो म्हणजे झुंबरबाईचा एकुलता एक लेक. नंदिनीला त्याच्या घरात दुसरेपणावर दिलेली. सुरुवातीला तिला मेलेल्या कालिंदीची भीती वाटायची. पुढं जित्या बापूसोची वाटू लागली. काल आमटी खारट झाली म्हणून त्यानं बैलांचा आसूड उचलला होता, आणि आज पाठीवर पदरसुद्धा सोसवत नव्हता.

पण तिला खरं छळत होतं ते वेगळंच. महिनाभर झुंबरबाई आळीत, नळावर, बाजारात ज्याला त्याला सांगत सुटली होती, “आमच्या नंदीवर बी आसरांची नजर पडलीया. सारखी डोहाकडं बघत बसती.” नंदिनी कधी डोहाकडं बघत बसली नव्हती. उद्या आपण पाण्यात सापडलो तर कुणी काही विचारू नये, म्हणून म्हातारीनं ही तयारी चालवलीय, हे तिला कळून चुकलं होतं.

आणि आज म्हातारीनं तिला नैवेद्याच्या निमित्तानं इथं आणलं होतं.

“आत्याबाई, मला मारू नगासा,” ती रडत म्हणाली. “मी काय वाईट केलंय हो तुमचं?”

झुंबरबाई खाली बसली. मग तिनं आठव्या दगडावर हात ठेवला.

“हिला शेवटचं न्हाऊ मी घातलं, नंदे. पाठ नुसती सोलून निघालीती. मार सोसंना म्हणून उडी टाकली हिनं. आसरांच्या हातात बांगड्या असत्यात गं, आसूड नसतो. पर मी गावाला आसराच सांगितल्या. ल्योक वाचवला.”

नंदिनीला तिचा भयंकर राग आला.

झुंबरबाईनं दहीभाताच्या बुट्टीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या काढून तिच्या ओटीत टाकल्या. “नेसरीला मावशी हाय म्हणालीस न्हवं? बापूला ठावं न्हाय ती. या पाणंदीनं वर जा आणि यष्टी धर. मागं फिरू नगंस.”

नंदिनीनं बांगड्या काढल्या. घाईत दोन पिचल्या, मनगटावर रक्त आलं. झुंबरबाईनं त्या सगळ्या अगदी पाण्याच्या कडेला, येणाऱ्याला दिसतील अशा ठेवल्या. मग वाकून डोहातला एक दगड उचलला आणि त्याला शेंदूर फासू लागली.

“त्येंनी विचारलं तर काय सांगशीला?” नंदिनीनं विचारलं.

झुंबरबाईनं तो दगड कालिंदीच्या शेजारी मांडला.

“आसरांनी न्हेली म्हणून! म्हैनाभर गावाला मी दुसरं काय सांगत हुते, येडे?”