आठशे वॅट

बाबांच्या शेवटच्या दुपारी बैरुतमध्ये नेहमीसारखीच वीज नव्हती. जास्त वीज खाणारं काही लावण्याआधी घरात ओरडून विचारायचं, ही आमच्याकडची रीतच. मी बॅटरीच्या पेटीला लॅपटॉप जोडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते.

चार वाजता बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "हनादी, शेगडी लावू का गं? दोघांना कॉफी करतो!"

"थांबा, बाबा! शेगडीच्या भाराने पेटी बंद पडेल."

"एका कपासाठी व्हिसा काढावा लागतो या घरात!"

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "आता?"

"नको म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पहाटे ते झोपेतच गेले.

दुखवट्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी ती विजेची शेगडी शेजारच्या उम्म वदीअ यांना देऊन टाकली. पेटीला आणखी एक बॅटरी जोडली. आता शेगडी, फ्रिज, सगळं एकदम चाललं असतं.

तेव्हापासून रोज चार वाजता पेटीचा पंखा घुमू लागतो आणि तिच्या छोट्या पडद्यावर आठशे वॅटचा आकडा येतो. शेगडी तेवढीच वीज ओढायची. क्षणभराने शून्य होतं. थोड्या वेळाने पुन्हा आठशे, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा कधीच नाही.

आज मी पेटीच्या सगळ्या वायरी काढून ठेवल्या आणि समोर बसले. चार वाजता आठशे आले आणि गेले.

मग ते पुन्हा आले. या वेळी आकडा तिथेच थांबून राहिला.

मी स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "लावा, बाबा. दोघांना करा."