कॉम्प्रेसर गेलाय

टक्.

तिने तार काढली आणि पुन्हा लावली. पुन्हा टक्. गाडीच्या बॅटरीतून थेट करंट दिला की एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच झटक्यात चिकटत होता, नव्यासारखा. गॅसचं प्रेशर तिने आधीच मोजलं होतं, तेही बरोबर होतं. कॉम्प्रेसरला काहीही झालेलं नव्हतं.

तिने तिसऱ्यांदा तार लावून पाहिली.

कारण ‘कॉम्प्रेसर गेलाय’ असं सांगणारे तिचे बाबा होते. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचे एसी दुरुस्त केले होते. बाजारात त्यांना ‘कानवाले’ म्हणत. बॉनेट न उघडता, नुसता कान देऊन ते गाडीचा आजार सांगत, आणि तो अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती लहान असताना हातात मीटर देऊन त्यांनी तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: लहानाकडून मोठ्याकडे जायचं. आधी फ्यूज, मग रिले, मग तार, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर. दोन मिनिटांत कळणारा हा बिघाड त्यांना महिनाभर कळला नव्हता.

नुसता कान गेला असता तर तिने सोसलं असतं. सत्तरीनंतर माणसं विसरतात, आधी किल्ल्या, मग नावं. बाबा थेट आयुष्यभराचं कामच विसरायला लागले होते.

काल संध्याकाळी ती न कळवता आली होती, नवा कॉम्प्रेसर बसमध्ये मांडीवर घेऊन. घरात साप आणावा तसं आईने त्या खोक्याकडे पाहिलं.

“राहू दे गं,” बाबा म्हणाले होते. “उन्हाळा सरू दे. गाडी काही पळून जात नाही.”

“आयता मेकॅनिक घरी आलाय, तोही फुकट. वर तुमच्याच हाताखालचा.”

बाबा हसले नाहीत. आज सकाळी ते न्हाव्याकडे गेले, पायी. आता कुठल्याही क्षणी परत येणार होते.

तिने फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. एसीच्या रिलेची जागा रिकामी होती. काडेपेटीच्या निम्म्याएवढा तो काळा ठोकळा नसेल तर कॉम्प्रेसरला करंटच पोचत नाही. आणि तो आपोआप निसटत नाही. बोटांनी धरून, जोर लावून उपटावा लागतो.

“आई, रिले कुठंय?”

आई दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. हातातलं फडकं तिने पिळून पिळून कोरडं केलं होतं.

“हळू बोल. मी काढलाय.”

“तू?”

“चाळीस वर्षं त्यांच्या हातात पाने देतेय. एवढं कळत नाही होय मला?”

मग फाटकाकडे एक डोळा ठेवून आईने सांगितलं. मागच्या महिन्यात, शाळेसमोर. बाबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. चाक फुटपाथवर चढलं आणि गाडी बंद पडली. पाठीवर दप्तर घेतलेलं एक पोर बंपरपासून वीतभर लांब होतं. ते ओरडलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं.

“कसेबसे घरी आलो. आल्यावर हात धुवायला गेले. किती वेळ नळ चालू होता.”

“मग सांगायचंस ना, गाडी चालवू नका म्हणून.”

“कसं सांगू? म्हातारे झालात, किल्ली द्या, असं? माझी जीभ रेटेना. पण एसी बंद असलेली गाडी ते रस्त्यावर काढणार नाहीत, हे ठाऊक होतं. कानवाल्याचीच गाडी तापलेली, लोक काय म्हणतील?”

“आणि त्यांनी तपासलं नाही?”

“दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. पाच मिनिटं वाकून पाहिलं. मग म्हणाले, कॉम्प्रेसर गेलाय.” आईने फडक्याने डोळे पुसले. “मला हायसं वाटलं गं. आणि रडूही आलं. डोळ्यांसमोरची रिकामी जागा त्यांना दिसली नाही.”

“कुठे ठेवलायस?”

“बटणांच्या डब्यात. मोरीजवळच्या कपाटात.”

फाटक वाजलं. तिने झाकण दाबून बसवलं, पण बॅटरीला लावलेली तार तशीच राहिली. ताजे कापलेले केस झटकत बाबा गाडीपाशी आले.

“काय निघालं?”

ती मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करायची. चौदा वर्षांत तिने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. आई फडक्याच्या घड्या घालत होती, उलगडत होती. नवा कॉम्प्रेसर खोक्यात वाट पाहत होता. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गाडी थंडगार होऊन रस्त्यावर असती.

“तुमचंच बरोबर होतं, बाबा. कॉम्प्रेसर गेलाय. आणि हा नवा बसायचा नाही, माप वेगळं आहे. मी परत घेऊन जाते.”

बाबांनी बॅटरीपासून क्लचपर्यंत गेलेली तार पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. तिला मान वर करवेना. त्यांनी तारेचे चिमटे सोडवले, तार गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. बॉनेट लावलं. खिशातून गाडीची किल्ली काढून खोक्यावर ठेवली.

मग ते आईकडे वळले.

“तो रिले बटणांच्या डब्यातून काढ,” ते म्हणाले. “मोरीजवळ दमट असतं, गंज चढेल. गाडी विकत घेणाऱ्याला लागेल.”