‘सागरदौलत’वरचा मेंढपाळ

दाऊद तांडेल जेवायला बसला. त्यानं तोंड उघडायच्या आत सिंधुबाईनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

“जेवा आधी. लांबनं आलाय.”

तो रत्नागिरीहून भिगवणला आणि तिथून तिच्या गावी, डाळजला आला होता. ‘सागरदौलत’ या लाकडी मालवाहू जहाजाचा तो तांडेल, म्हणजे कप्तान. कच्छच्या किनाऱ्यावरून मेंढ्या भरून मस्कतला निघालेलं ते जहाज मागच्या वर्षी समुद्रात बुडालं. मेंढ्यांची देखभाल करायला सिंधुबाईचा मुलगा ऋतिक त्यावर होता. जहाजाच्या मालकानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तो सापडला नाही.

सापडला नाही म्हणजे कुठंतरी असेल, असं सिंधुबाईनं धरून ठेवलं होतं. सून प्रतिक्षा रोज सकाळी कुंकू लावत होती, कारण सासू समोर उभी राहून लावायला लावत होती.

“जहाजावर सैपाक कोण करायचं?” सिंधुबाईनं विचारलं.

“आळीपाळीनं. ऋतिक भाकऱ्या थापायचा. आम्ही भात खाणारी माणसं, पण त्याच्या भाकऱ्यांवर भांडणं व्हायची.”

सिंधुबाईला हसू आलं. “मी शिकवल्यात. मेंढरांमागं हिंडताना हातानं करून खावं लागतं. आन गोडं पाणी पुरायचं का तितं?”

“बेतानं. तो आधी मेंढ्यांना पाजायचा.” तांडेलानं घास ठेवला. “मावशी, मी सांगायला आलोय की…”

“कालवण वाढू?”

“नको. मावशी, इतके महिने यायचं धाडस झालं नाही. आता…”

“थोडं वाढते. गरम हाय.”

प्रतिक्षा दाराला टेकून उभी होती. ती पुढं आली. सासूच्या हातातली पळी तिनं काढून घेतली आणि खाली ठेवली.

“आत्या, बास आता.” ती तांडेलाकडं वळली. “दादा, माझा नवरा हाय का न्हाय, तेवढं सांगा.”

तांडेलानं ताटातला हात मागं घेतला.

“नाही, ताई.”

सिंधुबाईनं कालवणाचं भांडं झाकलं.

“फार मोठं वादळही नव्हतं,” तो म्हणाला. “एका लाटेनं जहाज कललं आणि वरच्या मेंढ्या सगळ्या एका अंगाला घसरल्या. मग ते सरळ झालंच नाही. आम्ही होडी पाण्यात सोडली. ऋतिक माझ्याजवळ होता, एवढ्या अंतरावर. खालच्या खणातल्या मेंढ्या कोंडलेल्या होत्या. ओरडत होत्या. तो म्हणाला, ‘दार तेवढं उघडून येतो.’ मी शिवी दिली त्याला. होडीत उतर म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.”

“मग?” प्रतिक्षानं विचारलं.

“दार उघडलं त्यानं. मेंढ्या भराभर वर आल्या, पाण्यात पडल्या. तो यायच्या आत जहाज उलटलं. आम्ही पार उजाडेपर्यंत तिथंच फिरत होतो, ताई. हाका मारत होतो.”

“आन मेंढरं?” सिंधुबाईनं विचारलं.

“होडीभोवती पोहत होती. मग एकेक करून दिसेनाशी झाली.”

प्रतिक्षा मागच्या दारानं बाहेर गेली. मग तिचा हुंदका ऐकू आला आणि तो थांबेचना.

सिंधुबाई तशीच बसून राहिली. तांडेल उठला, पुन्हा बसला.

“त्याचा बाप गेल्यावर घरची मेंढरं मीच इकली,” ती म्हणाली. “एकसुद्धा ठेवलं न्हाय.”

तिनं पदर तोंडाशी धरला. पुढचं ती तांडेलाशी बोलत नव्हती.

“ती आपली न्हवती रं, बाळा. परक्याची व्हती.”