वजन कसलं होतं?

“वजन कसलं होतं, हवालदार?” डॉक्टर बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाच्या प्रमुख डॉक्टर बाई, एका बाजूला रेकॉर्ड ऑफिसचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला टायपिंग करणारा कारकून. कारकुनाची बोटं उत्तराची वाट बघत थांबली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी हवालदाराची मान घामाने भिजली होती. शेजारी बायको बसली होती. खुर्चीतून उठायला त्याला आधार लागायचा, म्हणून मंडळाने तिला आत येऊ दिलं होतं. पंचाईत तीच होती.

“हॉस्पिटलच्या कागदावर आहे, ‘गस्तीवरून परतताना घसरून पडलो,’” अधिकारी म्हणाला. “हे तुम्हीच सांगितलं होतं ना?”

“हो, साहेब.”

“मग हा अपघात झाला. ड्यूटीवरचा असला तरी अपघातच. लढाईत आलेलं अपंगत्व म्हणायचं, तर लढाईशी थेट संबंध दिसला पाहिजे. त्या सकाळी तुमच्या तुकडीवर गोळीबार झाला, याची नोंद आहे. पण तुमच्या पाठीचं काय?”

डॉक्टर बाईंनी जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. “घसरून पडलेल्या माणसाची पाठ अशी नसते. दोन मणके दबलेत. गुडघ्याचीही तीच गत. तुम्ही काहीतरी जड पाठीवर घेऊन बराच वेळ चाललात. उतारावरून. काय होतं ते?”

दारूगोळ्याची पेटी, असं ठोकून द्यावं का? शब्द जिभेवर आलाही. पण पेट्यांची नोंद असते.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा मेहुणा त्याच्याच तुकडीत होता. बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट वाढला, तरी घरात बारक्याच. दाजींच्या हाताखाली आहे म्हणून घरचे निर्धास्त होते. त्या सकाळच्या गोळीबारात बारक्या गेला. पुढे कुबड्या घेऊन हवालदार सासुरवाडीला पोचला, तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं होतं, “फार त्रास झाला का हो त्याला?”

“नाही. गोळी लागली आणि जागच्या जागी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.”

सासूबाईंनी ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. त्याच वाक्याच्या आधारावर त्या पुढची अकरा वर्षं जगल्या. बायकोने तर कधी एका शब्दाने विचारलं नाही.

खरं म्हणजे गोळी पोटात लागली होती. हवालदाराने बारक्याला पाठीवर घेतलं, सहाला डोंगर उतरायला सुरुवात केली आणि अकराला खाली पोचला. पाच तासांतला बराच वेळ बारक्या जिवंत होता. शुद्धीवर होता. हे हवालदाराने तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरलाही सांगितलं नाही. पाठ कशाने गेली म्हटल्यावर घसरलो म्हणाला, आणि तेच कागदावर चढलं.

हा वाढीव पेन्शनच्या अर्जाचा खटाटोपही त्याचा नव्हता. बायकोने आठ महिने खेटे घातले. “आहे ते बरं आहे, नसती कटकट कशाला?” तो म्हणायचा. “तुम्ही फक्त सही करा,” ती म्हणायची. त्याने केली. कागद बघतील आणि काय ते ठरवतील, आपल्याला कोण विचारतंय, असं त्याला वाटलं होतं. मग सुनावणीचं पत्र आलं.

“साहेब, हिला जरा बाहेर बसू द्या,” तो कसाबसा म्हणाला.

डॉक्टर बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “दहा मिनिटं बाहेर थांबता का?”

ती हलली नाही.

“मग राहू द्या,” हवालदार घाईघाईने म्हणाला. “घसरूनच पडलो. नामंजूर लिहा, माझी तक्रार नाही. चल गं.” त्याने आधारासाठी हात पुढे केला.

हात तसाच राहिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिने तो धरला नाही. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“यांच्या तुकडीतल्या वायरलेसवाल्याचं पत्र आहे. गेल्या वर्षी मीच त्यांना शोधून काढलं.”

डॉक्टर बाई मोठ्याने वाचू लागल्या. निम्म्यावर त्यांचा आवाज खाली आला. “‘...मी मागून चालत होतो. हवालदारांनी मेहुण्याला एकट्याने उतरवलं. मी दोनदा म्हटलं, आता माझ्याकडे द्या. दिलं नाही. वाटेत तो हळूहळू काहीतरी बोलत होता. मला मागे ऐकू येत नव्हतं. खाली पोचण्याआधी अर्धा तास बोलणं थांबलं. हवालदार थांबले नाहीत.’”

कारकुनाने हात कीबोर्डवरून काढून घेतले. हवालदाराला बायकोकडे बघवेना. तिला कळलं होतं. वर्षभर कळलेलं होतं, आणि वर्षभर ती रोज त्याच्या समोर बसून जेवत होती.

अधिकाऱ्याने पत्र हातात घेऊन तारीख पाहिली, सही पाहिली. “अहो बाई, हा तर सरळ पुरावा आहे! अर्जाला जोडला असता, तर कागदांवरच मंजूर झालं असतं. यांना इथे बोलवायची, काही विचारायची वेळच आली नसती. का नाही जोडलंत?”

“म्हणूनच नाही जोडलं,” ती म्हणाली. मग खुर्ची वळवून तिने नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“अहो, काय बोलत होता बारक्या?”