कोरी प्लेट

प्लेट कोरी होती. सुष्मिताने ती खिडकीशी धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. एक ठिपका नाही. हाताला मात्र गार लागली. भीतीने आपलेच हात गार पडले असतील, असं तिला वाटलं.

तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या रक्तातले जंतू अप्पांपेक्षा धडधाकट होते. द्याल ते औषध पचवून ढेकर देत होते. इस्पितळात चालू असलेलं औषध त्यांना जेमतेम थोपवून धरत होतं आणि अप्पांची मूत्रपिंडं खात होतं. म्हणून सुष्मिताने आपल्या प्रयोगशाळेत त्याच जंतूंवर नवं औषध घातलं. दर थोड्या वेळाने एकेक थेंब काढून प्लेटवर पसरला आणि काल दुपारी सगळ्या प्लेटा उबवायला इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. जिवंत जंतू रात्रीत ठिपके होऊन उगवतात. मेलेले उगवत नाहीत. इतकं साधं होतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"नक्की मेले?"

"एकूण एक."

"मग जुनं थांबवतो. हे लावतो."

थोड्याच वेळात अम्माचा फोन आला. रडत होती की हसत होती, कळेना. "बाटली बदलली गं! आयुधपूजेला देवीनंच हात दिला बघ!"

देवीवर सुष्मिताचा विश्वास नव्हता, पण आज वाद घालायची इच्छा होईना. प्रयोगशाळेतला मदतनीस रंगा याने काल आयुधपूजेत यंत्रं पुजताना इन्क्युबेटरच्या तापमानाच्या आकड्यांच्या काचेवरच चंदन-कुंकू थापलं होतं. तिने त्या कपाळालाही नमस्कार केला. मग निव्वळ रीत म्हणून शेवटची, तुलनेची प्लेट काढली. तिच्यातल्या जंतूंना औषध दिलंच नव्हतं. तिच्यावर दिवाळीतल्या रंगनाथन स्ट्रीटएवढी गर्दी हवी होती.

तीही कोरी होती.

"रंगा, काल पूजेत काय काय केलंस?"

"सगळं रीतीनं, अक्का." रंगा प्रसादाचे चुरमुरे चघळत होता. "पूजेला आयुधांना विश्रांती द्यायची ना? बिचारं हे वर्षभर राबतं, म्हणून पहिलं याचंच बटण बंद केलं. आता करू चालू?"

एसीच्या गारठ्यात रात्रभर काहीच उगवलं नव्हतं. जंतू औषधाने मेलेत की नुसते थिजलेत, हे प्लेटांवरून कळतच नव्हतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. अम्माचा तर लागेचना. जंतू मेले, हे ती तंजावरपर्यंत एकेकाला सांगत सुटली होती.