भेगेची टोकं

इंजिनावरची भेग बाबांनी लावलेल्या इपॉक्सीच्या लेपाबाहेर बोटभर सरकली होती. "काका, पाणी पुन्हा गळतंय. वेल्डिंगच करा म्हटलं होतं ना?" टॅक्सीवाला वैतागला. "वेल्डिंगच्या आचेनं ओतीव बिडाचं इंजिन आणखी तडकतं. तूच गाडी तापवली असशील," बाबा गुरकावले. आचेचं खरं होतं. लेपही घट्ट होता. मी तो खरवडला. भेग भरण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडायची, म्हणजे ती पुढे पळत नाही, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. इथे एकही नव्हतं. "पाडली होती की," म्हणत त्यांनी टोकं चाचपली, पुन्हा चाचपली. मागे ते एका गाडीत ब्रेकचं तेल भरायला विसरले, तेव्हा मी गुपचूप भरलं. बोलायला धीर झाला नाही. आज मी त्यांच्या हातातला पाना घेतला. "बाबा, यापुढे तुम्ही गाडीला हात लावायचा नाही."