सदाला आठवलं ते

आरोपी सदाच्या डोक्यावर तारांची टोपी बसवून डॉ. पेठकरांनी यंत्र सुरू केलं. काचेपलीकडे इंदुमती खराडे आणि त्यांचा थोरला मुलगा सुहास बसले होते. धाकट्या राजनचा खून होऊन तीन महिने झाले होते.

“आई, नको बघूस. घरी चल,” सुहास म्हणाला.

“बघणार. माझ्या लेकराचा शेवट आहे तो.”

सदाला आठवत होतं ते पडद्यावर उमटू लागलं. शेतातली पंपाची खोली. लोखंडी पहार राजनच्या डोक्यावर आदळली आणि रक्ताची चिळकांडी उडाली. दुसरा घाव. तिसरा. राजनला डोकंही झाकता येत नव्हतं, कारण त्याचे हात कुणीतरी मागून आवळून धरले होते. तो कोसळला आणि मागचा चेहरा दिसला.

सुहासचा.

सुहास दाराकडे झेपावला. इंदुमतीबाईंनी त्याचं मनगट पकडलं. त्याने हिसडे दिले, त्यांना भिंतीवर आपटलं. त्यांचा खांदा कडकन निखळला. पोलिसांची पावलं जवळ येत होती, तरी त्यांनी बोटं ढिली केली नाहीत.

“आई, सोड!”

“राजनही असंच म्हणाला असेल ना तुला?”